भांडणाचा रकाना

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

दोन प्रयोगशाळा एकमेकींशी जोडलेल्या आहेत, हे कशावरून ओळखायचं? मुलाखतीत मला हा प्रश्न विचारला होता आणि मी घडाघडा उत्तर दिलं होतं. आता नोकरीला लागून दोन महिने झाले, दिवसभर हेच काम करते, आणि मला उत्तर येत नाही. फोनवर बोलले असते, पण फोन केला की बाबा तुझ्या हातातून तो काढून घेतात आणि "देशाचा नकाशा कुठवर आला?" असं विचारत बसतात. म्हणून पत्र.

तर नकाशाचं सांगते. आमच्या कचेरीचं नाव 'समतोल संशोधन विकास कक्ष'. आम्ही चौथ्या मजल्यावर बसतो आणि लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच येते. समतोल विकास अजून तिसऱ्यापर्यंतच पोहोचलाय, असं आमचे हेडक्लार्क रोज म्हणतात आणि रोज स्वतःच हसतात. खोलीत भिंतभर नकाशा आहे. देशातली प्रत्येक प्रयोगशाळा म्हणजे एक ठिपका. दोन ठिकाणच्या लोकांनी मिळून शोधनिबंध लिहिला की त्यांच्यामध्ये एक रेघ. जितके निबंध जास्त, तितकी रेघ जाड. कोण कोणाबरोबर काम करतं ते एका नजरेत कळतं आणि जे मागे पडलेत त्यांना मदत देता येते. सगळं राजधानीत आणि आपल्याकडे काहीच नाही, हे मला कॉलेजात असल्यापासून सलतंय. मी त्यासाठीच इथे आले. हसू नकोस.

बहुतेक रेघा राजधानीत येतात, आणि त्यातल्या बहुतेक एकाच ठिपक्यात, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांच्या संस्थेत. लांबून कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. हे मी कुणाला बोलले नाही.

आता मुद्द्याचं. तू ज्या माती संशोधन केंद्रात भांडार सांभाळतेस ते नकाशावर राखाडी आहे. राखाडी म्हणजे 'एकाकी', एकही रेघ नाही. डोंगरापलीकडच्या गावातली पाणी प्रयोगशाळाही तशीच. मार्चअखेर समिती बसेल आणि एकाकी केंद्रं साहेबांच्या संस्थेत विलीन होतील. यंत्रं इकडे, माणसं इकडे, तिकडे कुलूप. याला समतोल का म्हणतात हे मी विचारलं, तर उत्तर आलं की एका जागी ठेवल्यावर कमीजास्त राहतच नाही.

म्हणून तुमच्या केंद्रातल्या भट्टीवाल्या सरांना एवढं सांग, त्या पाणी प्रयोगशाळेतल्या बाईंबरोबर एक निबंध लिहा. छोटा असला तरी चालेल. सर पाणी गाळायचे मातीचे फिल्टर बनवतात, बाई पाणी तपासतात. इतकं जुळणारं काम मी अख्ख्या नकाशात पाहिलं नाही. एक रेघ आली की केंद्र वाचलं.

तुझी मास्तरीण


२४ जानेवारी

चि. मास्तरीणबाईंना आत्याचा आशीर्वाद, आणि एक हलकीशी टपली.

तुझं पत्र भांडारात बसून दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा करमणूक म्हणून. कुठल्या दोघांना एकत्र बसवायला निघालीस ते तरी बघायचं होतंस.

सर आणि बाई नऊ-दहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. झालं असं की सरांनी एका परिषदेत आपला फिल्टर मिरवला. माती आणि लाकडाचा भुसा मिसळायचा, भट्टीत भुसा जळून जातो, बारीक भोकं राहतात, त्यातून पाणी गाळून येतं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून बाई उठल्या आणि म्हणाल्या, "भोकं बारीक आहेत, पण जंतू त्याहून बारीक आहेत. मी तुमचा फिल्टर तपासलाय. निम्मे जंतू आरामात पलीकडे जातात." सर म्हणाले, "तुमची भांडी धुतलेली नसतील." त्यावर बाई काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही, पत्र दादाच्या हाती लागलं तर पंचाईत.

तरी तुझा निरोप सांगितला. सरांच्या हातात नुकताच भाजलेला फिल्टर होता. तो त्यांनी इतक्या हळुवारपणे खाली ठेवला की मी दोन पावलं मागे सरले. म्हणाले, "भाचीला सांगा, मी राखाडीच बरा."

केंद्र बंद होणार, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. तूच सांग. मी चाळण्या आणि हातमोजे देते, वाईट बातम्या देणं माझ्या कामात येत नाही.

दादा ठीक आहे. परवा न्हाव्याच्या दुकानात सांगत होता की देशात कुठली प्रयोगशाळा कुठे ठेवायची हे त्याची मुलगी ठरवते. न्हाव्याने विचारलं, एक आमच्या आळीत टाकता येईल का. दादा म्हणाला, बघतो.

आत्या


५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

चांगली बातमी. बाईंची गरजच नाही.

काल धीर करून मी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि आपल्या केंद्राचं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते अगदी मायेने म्हणाले, "इतकंच ना? त्यांना म्हणावं पुढच्या निबंधावर माझं नाव टाका. माझी काही हरकत नाही." निबंध कशावर आहे हे विचारलंसुद्धा नाही. यावरून मन किती मोठं असेल बघ. साहेबांची एक रेघ आली की राखाडी ठिपका आपोआप हिरवा होतो. कितीतरी लहान गावांना त्यांनी असंच सांभाळून घेतलंय. ते जाळं मी उगाच कोळ्याचं समजत होते.

साहेबांचं नाव असलं की निबंध छापूनही लवकर येतो म्हणे. आपल्या गावाचं नाव ते थोडं वेगळं उच्चारतात, पण दरवेळी वेगळं, म्हणजे प्रयत्न करतात.

केंद्र बंद होण्याचं मी सरांना वेगळ्या पत्राने कळवलं आहे. तू फक्त त्यांना तयार कर. यात कमीपणा कसला? मोठ्या माणसाने हात पुढे केलाय, तो धरायचा. तुला हवं ते तू लोकांच्या गळी उतरवतेस, मला माहीत आहे. बाबांना पोहायला तूच लावलंस, तेही पन्नाशीत.

तुझी मास्तरीण


१६ फेब्रुवारी

चि. मास्तरीण,

दादा पोहत नाही. बुडत नाही, एवढंच.

सरांना तुझं पत्र मिळालं. दिवसभर भट्टीपाशी बसून होते. संध्याकाळी माझ्या खिडकीत आले तेव्हा साहेबांचा निरोप मी दिला. त्यांनी विचारलं, "हे साहेब भुसा चाळायला येणार, की भट्टीपाशी उभे राहणार?" म्हटलं, बहुधा दोन्ही नाही. "मग नाव कशाला?" मी त्यांना हातमोज्यांची जोडी दिली. तीही त्यांनी घेतली, म्हणजे चित्त ठिकाणावर नव्हतं.

आता तुला एक सांगते, जे मागच्या पत्रात गिळलं होतं. सरांच्या प्रत्येक भट्टीतले चार-सहा फिल्टर पाणीवाल्या बाईंकडे तपासायला जातात. नेते मी. वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन. माझ्या नावावर, 'घरगुती वापरासाठी' असं लिहून. परिषदेतल्या भांडणानंतर वर्षाच्या आतच सरांनी मला हे काम दिलं आणि बजावलं, कुठून आणले ते बोलायचं नाही. कंडक्टरला वाटतं मी मडकी विकते. एकदा भावही विचारला त्याने.

बाईंनी कधी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, "घरी माणसं किती?" म्हटलं, एकत्र कुटुंब आहे. त्या म्हणाल्या, "फारच तहानलेलं दिसतंय."

अहवाल आला की सर तो वाचतात, बाईंना काही कळत नाही म्हणतात, दार लावून घेतात, आणि पुढच्या भट्टीला मिश्रण बदलतात. मागच्या वर्षी अहवालाच्या तळाशी बाईंनी पेनाने लिहिलं होतं, 'आपल्या कुटुंबप्रमुखांना सांगावे की या खेपेस भुसा जाड चाळला आहे.' सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून बारीक चाळणी घेऊन गेले. आज त्या फिल्टरमधून जंतू जवळजवळ जात नाहीत. आसपासच्या सगळ्या शाळांमध्ये तोच फिल्टर आहे, आणि पोरं शाळेतलं पाणी पिऊन आजारी पडायची थांबली आहेत. तसं बाईंनीच छापलंय, फिल्टर कुणाचा ते न लिहिता. सरांनीही छापलंय, तपासला कुणी ते न लिहिता.

हे कुणाला सांगायचं नाही. सरांना वाटतं बाईंना माहीत नाही. बाईंना वाटतं, आपल्याला माहीत आहे हे सरांना माहीत नाही. मला दोघांचंही माहीत आहे आणि मला कुणी विचारत नाही.

आत्या


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले आणि नकाशासमोर जाऊन उभी राहिले. दोन राखाडी ठिपके, मध्ये काही नाही. आणि तुझी बस वर्षानुवर्षं तिथूनच जातेय.

मी साहेबांना विचारलं, एका प्रयोगशाळेने दुसरीचं काम तपासलं, चूक काढली आणि त्यामुळे ते सुधारलं, तर रेघ काढायची का? ते म्हणाले, "म्हणजे भांडण?" म्हटलं, एका अर्थी. "भांडणाचा रकाना आपल्याकडे नाही," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. एकच.

मग मी माझ्यापुरता दुसरा नकाशा काढला. निबंधांमध्ये लोक लिहितात ना, अमक्यांचा निष्कर्ष आम्ही पुन्हा तपासून पाहिला आणि तो बरोबर निघाला किंवा चुकला. तेवढीच वाक्यं शोधली आणि त्यावरून रेघा ओढल्या. आत्या, राजधानीतली गाठच सुटली. साहेबांचं काम पुन्हा तपासायची कुणाची छातीच झालेली नाही, त्यामुळे त्यांचा ठिपका माळावर एकटा उभा. आणि ज्या गावांची नावं मी फक्त यादीत वाचली होती, ती थेट एकमेकांना जोडलेली. एक बियाण्यांचं केंद्र आणि पार वाळवंटाच्या टोकाचं दुसरं बियाण्यांचं केंद्र वीस वर्षं एकमेकांना खोटं ठरवतायत, आणि दोन्हीकडची पिकं सुधारतायत. शेजारीशेजारी राखाडी रंगवलेली माणसं कडाकडा भांडतायत, आणि काम तिथेच होतंय.

साहेबांना नेऊन दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "प्रिंटर बिघडलाय." मी म्हटलं, हा वेगळा नकाशा आहे. ते म्हणाले, "मग वेगळ्या देशाचा असेल." जाता जाता आठवण करून दिली की माझी नोकरी अजून कच्ची आहे आणि ती पक्की करायचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे.

मोठ्या मनाबद्दल मी मागे जे लिहिलं होतं ते तेवढं फाडून टाक.

आणि रागावू नकोस. मी सरांना आणि बाईंना, दोघांनाही पत्र टाकलं आहे. तुम्ही इतकी वर्षं एकत्रच काम करताय, दोघांनाही ते माहीत आहे, आता फक्त एका निबंधावर दोन सह्या करा, असं लिहिलं. सांगायचं नाही म्हणाली होतीस. पण मार्च आला, आत्या. दुसरा उपाय दिसला नाही.

तुझी मास्तरीण


९ मार्च

मास्तरीणबाई,

तोंड बंद ठेवणं हा विषय तुमच्या कॉलेजात ऐच्छिक होता वाटतं.

सर खिडकीत येऊन उभे राहिले, हातात तुझं पत्र. "म्हणजे बाईंना माहीत होतं?" म्हटलं, होतं. "पहिल्यापासून?" म्हटलं, दुसऱ्या खेपेपासून. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि विचारलं, "बस किती वाजता असते?"

म्हणून आम्ही दोघं गेलो. फिल्टर या खेपेला त्यांच्या मांडीवर. कंडक्टर मला म्हणाला, "काय मावशी, धंद्यात भागीदार घेतला?" सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या. कुटुंबप्रमुख आलेले दिसतात." मला वाटलं आता भांडी फुटणार. दोन तास दोघं भांडली, पण सगळं भुशावर, तापमानावर, आणि नमुना किती वेळ भिजवायचा यावर. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण सरांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. जेवणाचा डबा उघडायला विसरले.

शेवटी मीच तुझा विषय काढला. एक निबंध, दोन सह्या, केंद्रं वाचतील. बाई म्हणाल्या, "मी यांच्याबरोबर सही केली तर उद्या यांचा फिल्टर चांगला आहे या माझ्या अहवालावर कोण विश्वास ठेवेल? लोक म्हणतील, घरचंच मत आहे. शाळा तो फिल्टर कशाच्या भरवशावर घेतात? मी यांची कुणी लागत नाही, याच्या." सर म्हणाले, "मीसुद्धा ठेवला नसता विश्वास." इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते हे. सही नाही. केंद्रं जाणार हे दोघांना ठाऊक आहे, तरी नाही. मी म्हटलं, तुम्ही दोघं वेडी आहात. त्यावरही दोघांची ना नव्हती.

परवा राजधानीतून दोन माणसं भट्टी मोजायला आली. टेप लावून फिरली आणि मला विचारलं, ही दारातून बाहेर कशी काढायची? म्हटलं, आधी भट्टी बांधली, भिंती नंतर. ती बाहेर येत नाही. त्यांनी आपसांत बोलून लिहिलं, 'स्थलांतर शक्य, तुकड्यांत.' सर ते वाचत उभे होते.

आता माझं ऐक. तू तिथे आता काही करू नकोस. आपल्या घरात पहिली पदवी तुझी. दादाने ती आरशाशेजारी लावलीय, दाढी करताना वाचतो. ही नोकरी तुझी पहिली. आमच्या भट्टीपायी ती घालवू नकोस. साहेब म्हणतात ते कर, कागद पक्का करून घे, मग पुढे वीस वर्षं हवं तेवढं भांड. माझी बदली तिकडे झाली तर मी तुझ्याच खोलीत राहीन आणि मी घोरते. ही शिक्षा पुरे.

आत्या


१९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र पोहोचलं तेव्हा मी खरंच तुझं ऐकायचं ठरवलं होतं. बाबांचा आरसाही डोळ्यांसमोर आला. तुझ्यासाठी उशी बघून ठेवावी, इथपर्यंत तयारी झाली होती.

सोमवारी हेडक्लार्कनी समितीची फाईल माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या पानावर एक ओळ आहे, 'संबंधित केंद्रांकडून नकाशाची पडताळणी करून घेतली,' आणि पुढे चौकोन. म्हणाले, "इथे खूण कर. ही नेहमी सगळ्यात नवीन माणसाने करायची." मी विचारलं, पडताळणी केली कुणी? ते म्हणाले, "खूण."

मी म्हटलं, कुठल्याच केंद्राला हा नकाशा दाखवलेला नाही? ते म्हणाले, "अगं, दाखवला तर ते चुका काढतील."

आत्या, ते अगदी सहज बोलले. पण मला बाईंच्या दारात उभे राहिलेले सर दिसले. आपलं काम जिला अजिबात आवडत नाही तिच्याकडे ते मुद्दाम, चोरून, वर्षानुवर्षं पाठवत राहिले. आणि आमचा नकाशा, ज्यावरून भट्ट्या फुटणार, तो या खोलीबाहेर कुणी पाहिलाच नाही. त्या दोघांना एकत्र सही करायला सांगत होते, म्हणजे मीही खूणच मागत होते.

नियम वाचून काढले. साहेबांनी स्वतः लिहिलेत. त्यात आहे की पडताळणीसाठी पाठवलेल्या प्रतींची उत्तरं यायला महिनाभर द्यायचा, आणि ती येईपर्यंत समितीने विषय घ्यायचा नाही. आजवर कुणी प्रती पाठवल्याच नाहीत, म्हणून कुणाला महिना लागला नाही.

मग मी पाकिटं भरायला बसले. नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याला एक, राखाडी असो की हिरवा. आत दोन्ही नकाशे, ते कसे काढले त्याची माहिती, आणि एका पानाचं पत्र: हे आम्ही तुमच्याबद्दल मांडलं आहे, तुम्ही पुन्हा काढून बघा, कुठे चुकलं ते कळवा, आमच्याशी सहमत होण्याची गरज नाही. मेलवर पाठवता आलं असतं, पण मेल चुकून गेला असं दुसऱ्या दिवशी म्हणता येतं. कागदावर कचेरीचा जावक क्रमांक पडतो. हेडक्लार्क समोर बसून बघत होते. म्हणाले, "खूण केली असतीस तर एव्हाना घरी असतीस." थोड्या वेळाने खुर्ची ओढून तेही पाकिटांना डिंक लावू लागले. डिंक ते चांगला लावतात.

काल साहेबांनी बोलावलं. "कुणाला विचारून पाठवलंस?" मी नियमाचं पान पुढे ठेवलं. त्यांनी स्वतःची सही ओळखली. म्हणाले, "तुझा कागद मी पुढे पाठवू शकत नाही." म्हटलं, माहीत आहे, सर. "मग हे का केलंस? तुझ्या गावासाठी?" मी म्हटलं, सुरुवात गावासाठीच केली होती. पण आमचं केंद्र खरंच कुचकामी असेल तर तेही याच पत्रातून कळेल, आणि मला ते कळायला हवं आहे. यावर त्यांनी नियमाचं पान पुन्हा एकदा वाचलं. मला वाटतं, त्यांच्याशी असं कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नसावं.

नोकरी महिनाअखेरपर्यंत आहे. त्यापुढचं कुणी सांगत नाही. बाबांना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "न्हाव्याला काय सांगू?" म्हटलं, आळीतली प्रयोगशाळा लांबणीवर पडली असं सांगा.

भट्टीला महिनाभर कुणी हात लावू शकणार नाही. त्यापुढे काय होईल ते येणाऱ्या उत्तरांवर आहे, आणि सर नि बाई आपापलं उत्तर वेगवेगळं पाठवतीलच, त्याची काळजी मला नाही. एकमेकांना न दाखवता पाठवतील, एवढं बघ.

शेवटचा गठ्ठा आज दुपारी टपालात टाकला. तिथून परत येऊन फाईल उघडली. खूण करायची होती त्या चौकोनात वाक्य मावत नव्हतं म्हणून शेजारी शाईने लिहिलं, 'पडताळणी सुरू आहे.' खाली माझी सही केली, तारीख घातली आणि फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

तुझी मास्तरीण